मोरपंखी साड्यांची चाळण

१

संजीवनीबाई पोळांनी साडी दोन्ही हातांनी दुकानातल्या दिव्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "ह्यातनं तुमचं तोंड दिसतंय मला, शेठ."

खोटं नव्हतं. मोरपंखी रंगाची, खणाच्या काठाची ती सुती साडी दोन ठिकाणी चाळणीसारखी झाली होती. भोकांच्या कडा विरलेल्या होत्या आणि बोट लावलं की आणखी फाटत होत्या. गादीवर तशाच आणखी साड्यांचा ढीग पडला होता. सगळ्या मोरपंखी, सगळ्या एकाच दिवशी घेतलेल्या आणि सगळ्या पहिल्याच धुण्यात कामातून गेलेल्या.

बारामतीच्या पेठेतल्या 'रंगावली'चे मालक रविराजशेठ यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. वापरलेला किंवा धुतलेला माल परत घेतला जाणार नाही, असं तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं. धुतल्याबिगर भोकं कळायची कशी, असं संजीवनीबाईंनी विचारलं. त्यावर शेठजींनी पाटी मोठ्यानं वाचून दाखवली.

हे भांडण विजयमाला शेंडकर खुर्चीत बसून ऐकत होत्या. मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता गावातल्या ग्राहक केंद्रात तक्रारी ऐकायच्या. ग्राहक नेहमी खरं बोलतो यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि दुकानदार नेहमी खोटं बोलतो यावरही नव्हता. त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावर सारख्याच नाराज असत. आज मात्र दोघांनीही त्यांनाच बोलावलं होतं, कारण दुसरं कुणी मध्ये पडायला तयार नव्हतं.

त्यांनी आधी शेठजींना गप्प केलं. कपड्यात मुळात खोट असेल तर तो नेसला, धुतला म्हणून दुकानदार सुटत नाही, तेव्हा ही पाटी उतरवून तिथे देवाचा फोटो लावा, असं सांगितलं. मग संजीवनीबाईंना म्हणाल्या की कपड्यात खोट होती हे अजून ठरायचं आहे. दोघांचेही चेहरे पडले आणि विजयमालाबाईंना बरं वाटलं.

हकिगत अशी होती. इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या पोळांच्या धाकट्या मुलाचं, रणजितचं, मार्गशीर्षात लग्न झालं. बस्ता इथेच बांधला. भावकीतल्या बायकांनी वऱ्हाडात एकसारखं दिसावं म्हणून सगळ्यांना या मोरपंखी साड्या घेतल्या. लग्न झोकात झालं. नंतर साड्या धुतल्या आणि त्यांची ही गत झाली. पोळांनी भावकीला चाळणी वाटल्या, असं अख्खं गाव म्हणू लागलं.

"इंदापूरला एवढी दुकानं असताना बस्त्याला इथे का आलात?" विजयमालाबाईंनी विचारलं.

संजीवनीबाईंनी गादीच्या कोपऱ्यात साड्यांच्या घड्या घालणाऱ्या एका तरुणाकडे हनुवटीनं खूण केली. तो ऋषिराज चांदगुडे, सुप्याचा, इथला सेल्समन आणि त्यांच्या नव्या सुनेचा सख्खा भाऊ.

"ह्याच्या शब्दावर आलो. ह्याच्या बहिणीला म्या सुप्याला धाडलीया. पहिली संक्रांत पण तिची माहेरीच झाली. ह्याचा निकाल लागल्याबिगर आमच्यातलं कुणी तिला न्यायला जायचं न्हाय."

२

पहिल्या संक्रांतीला सून काळी साडी नेसते, हलव्याचे दागिने घालते, सासरी कौतुक होतं. पोळांच्या या नव्या सुनेचे, श्रेयाचे, दागिने डब्यातच राहिले होते. हे ऐकल्यावर प्रकरण साड्यांचं राहिलेलं नाही हे विजयमालाबाईंना कळलं. रडारड त्यांना आवडत नसे, पण या मुलीसाठी त्यांचा जीव हळहळला.

त्यांनी ऋषिराजला मागच्या खोलीत नेलं. माल जुना होता का, मुद्दाम हलका दिला का, हे आडपडदा न ठेवता विचारलं. माल दिवाळीच्या आधी आलेला ताजा होता आणि बहिणीच्या सासरी हलका माल द्यायला मला वेड लागलंय का, असं तो म्हणाला. मग मनात काही संशय आहे का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मात्र त्यानं हातातल्या साडीची घडी मोडली आणि परत घातली.

"बहीण तितं नांदायचीय, मॅडम," तो म्हणाला. "मी काय बोलू?"

पोरगा शरमला असेल असं त्यांना वाटलं आणि त्यांनी विषय सोडला.

त्या मालातली एक साडी अजून विकायची राहिली होती. ती त्या घरी घेऊन गेल्या. साबणाच्या पावडरीत भिजवली, घासली, पिळली, वाळवली, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच केलं. शेवटी अंगणातल्या दगडावर धोपटलीसुद्धा. रंग किंचित उतरला, पण एक धागाही तुटला नाही. कापड चांगलं दणकट होतं.

रविराजशेठना हे कळताच त्यांनी चहा मागवला. माल निर्दोष निघाला, आता प्रश्न मिटला, असं त्यांचं म्हणणं पडलं. विजयमालाबाईंनी त्यांचा चहा घेतला, पण आनंदात भाग घेतला नाही. कापड धड होतं तर साड्या निरवांगीत खराब झाल्या, आणि एवढंच सांगून त्या गप्प बसल्या असत्या तर श्रेयाच्या भावानं आमच्यावर बालंट आणलं असं म्हणायला पोळ मोकळे झाले असते. पोरगी कायमची सुप्यात राहिली असती. साड्या कशानं खराब झाल्या हे सापडल्याखेरीज तिची वाट मोकळी होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी निरवांगीला जायचं असं त्यांनी ठरवलं आणि संजीवनीबाईंना तसं कळवलं. तासाभरात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई दबक्या आवाजात बोलत होती.

"मी मनिषा, पोळांची थोरली सून. तुमी हितं येऊ नका, मॅडम. आल्या तर सगळं माझ्यावर येणार हाय. साड्या मी धुतल्यात."

३

अर्थातच विजयमालाबाई गेल्या. स्वतःची जुनी गाडी स्वतः चालवत गेल्या आणि दोन्ही बाजूंची द्राक्षं बघत पोळांच्या वस्तीवर पोचल्या. बागांमध्ये घड फुगत चालले होते. संजीवनीबाईंचे यजमान आबासाहेब पोळ ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. कमी बोलणारा, बोलला की घरानं ऐकायचं असा माणूस. साड्यांचं मला काही कळत नाही असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. बागेबद्दल विचारल्यावर मात्र ते खुलले. लग्नाच्या आदल्या दिवशी आभाळ आलं, बाग जाते की काय असं झालं, ही गोष्ट त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितली.

"रणजितच्या अंगाला हळद लागली हुती. ब्लोअरच्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरली, तर तसाच हळदीच्या अंगानं उठला, पिकअपमधी टाकून भरून आणली आन् फवारणीला उभा राह्यला. असं पोरगं हाय."

ते पोरगं दाराशीच उभं होतं. बापाच्या कौतुकानं ते खूष झालं असेल असं वाटलं होतं, पण त्यानं फक्त मान खाली घातली आणि तो बागेकडे निघून गेला. बायको माहेरी, म्हणून उदास असेल, असं विजयमालाबाईंनी मनाशी धरलं.

मग संजीवनीबाईंनी स्वयंपाकघरात आपली बाजू मांडली. घरात नुकतंच वॉशिंग मशीन आलं होतं. भावकीतल्या बायकांना त्याचं अप्रूप, म्हणून लग्नानंतर सगळ्यांनी आपापल्या साड्या इथेच धुवायला टाकल्या. त्या मनिषानं लावल्या. आणि मनिषाच्या मामाचं इंदापूरला कापडाचं दुकान, बस्ता तिथे बांधा म्हणून तिनं किती धोशा लावला होता. आता एवढं सगळं जुळल्यावर माणसानं काय समजायचं?

"तिनं मशीनीत काय टाकलं देव जाणे," त्या म्हणाल्या. "सामानाचा तर तिला धरबंदच न्हाय. लग्नानंतर पाव्हणं आलं तर भज्याला सोडा न्हाय. मोठा पुडा आणलेला, गायब. इचारलं तर म्हणती, मला ठावं न्हाय."

मनिषा मोरीपाशी भांडी घासत होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. तिच्याशी विजयमालाबाई एकट्याच बोलल्या. मशीनमध्ये नेहमीची पावडर टाकली, दुसरं काहीही नाही, असं तिनं सांगितलं. तिचा नवरा राजवर्धन तिच्या बाजूनं एकदा बोलला होता, तर आबांनी त्याला गप्प केलं होतं. घरात येताजाता टोमणे होते. जावेला माहेरी धाडली, आता आपली पाळी, असं ती धरून चालली होती. हे सांगताना ती रडली नाही, आणि त्यामुळेच तिच्यावर विश्वास ठेवावा असं विजयमालाबाईंना वाटलं. पण वाटण्यावर निकाल देता येत नाही.

"सगळ्या साड्या एकदमच लावल्यास?"

"व्हय. एकाच रंगाच्या, म्हणून एकदमच."

"आणि सगळ्यांनाच भोकं पडली?"

मनिषा आत जाऊन एक घडी घेऊन आली. ती आबासाहेबांच्या चुलतीची, धोंडाबाईंची साडी. त्याच मालातली, त्याच मशीनमध्ये, त्याच पाण्यात धुतलेली. विजयमालाबाईंनी ती काठापासून पदरापर्यंत उजेडात धरून पाहिली. तिला टाचणीएवढंसुद्धा भोक नव्हतं.

४

मशीनमध्ये काही टाकलं असतं तर ते एका साडीला ओळखून बाजूला ठेवत नाही. म्हणजे मनिषा सुटली आणि मशीनही सुटलं. विजयमालाबाईंनी हे घरात जाहीर केलं नाही. अर्धं उत्तर सांगितलं की लोक उरलेलं अर्धं आपल्या सोयीनं जोडतात, हा त्यांचा अनुभव होता.

त्यांनी बायकांना माजघरात गोळा केलं आणि पुरुषांना बाहेर घालवलं. भोकं पडलेल्या साड्या जमिनीवर पसरल्या. प्रत्येकीवर भोकांचे दोन पुंजके होते, एकमेकांपासून लांब. म्हणूनच दुकानदाराला आणि पोळांना, दोघांनाही त्या जागोजाग विरलेल्या वाटल्या होत्या. पण पदर सगळ्यांचे शाबूत होते. खांद्यावर येणारा भागही शाबूत होता.

"मनिषा, यातली एक नेस," त्या म्हणाल्या.

"ह्या फाटक्या?"

"त्याच."

मनिषानं सासूची साडी घेतली आणि नेहमीसारखी नेसली. एक वेढा कमरेभोवती, मग निऱ्या, मग दुसरा वेढा, आणि पदर खांद्यावर. विजयमालाबाईंनी तिला पाठमोरी उभी केली. जमिनीवर लांब लांब दिसणारे ते दोन पुंजके आता एकावर एक आले होते. आतल्या वेढ्यावरचा खाली, बाहेरच्यावरचा वर, आणि दोन्ही बरोबर माणूस टेकतो त्या जागी.

साडी न नेसता तिची तपासणी करणाऱ्यांमध्ये आपणही होतो, हे विजयमालाबाईंना आतल्या आत टोचलं. त्यांनी लगेच पुढची मागणी केली. लग्नात नेसलेले परकर आणा.

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. परकर काय रंगावलीतनं घेतलेत, असं एकीनं म्हटलं. पण आणले. संजीवनीबाईंचा परकर जुना, किती वर्षांचा ते त्यांनाही आठवत नव्हतं. मागच्या बाजूला त्यालाही तशीच भोकं होती. जुनाच, म्हणून विरला, असं समजून त्यांनी तो पायपुसण्यासाठी बाजूला टाकला होता. मनिषाच्या परकराचीही तीच गत होती. धोंडाबाईंचा मात्र नीट होता.

कपडे मशीनमध्ये खराब झाले नव्हते. अंगावर असतानाच काहीतरी खालून लागलं होतं. ते आरपार भिजवून गेलं, कापड आतून कुजवत राहिलं आणि पहिल्या धुण्याच्या ओढाताणीत ते कुजकं कापड निखळून पडलं. धुणं निमित्ताला झालं होतं.

"लग्नाच्या दिवशी बसल्या जागी काही झालं होतं का? ओल, आग, खाज?"

आता सगळ्या एकदम बोलू लागल्या. खाज तर सगळ्यांनाच सुटली होती. कार्यालयात उतरल्या उतरल्या एकमेकींना आडोसा करून खाजवलं होतं. सतरंजीला गोणपाटाची कुसं लागली असतील असं वाटलं. लग्नाच्या गडबडीत कोण बघतंय?

"कसली सतरंजी?"

मिनीबस सांगितली होती, ती ऐन वेळी आली नाही, असं संजीवनीबाईंनी सांगितलं. मग राजवर्धननं पिकअप काढला, मागे सतरंजी अंथरली आणि बायका त्यात बसल्या. नवरदेवाच्या गाडीत वरमाईला जागा होती. पण भावकीला वाईट वाटू नये म्हणून संजीवनीबाईही मागेच बसल्या.

"आणि धोंडाबाई?"

धोंडाबाई इतका वेळ भिंतीला टेकून गंमत बघत होत्या. त्या म्हणाल्या, "माझं गुडघं वाकत न्हाईत, बाई. मला म्होरं डायवरच्या शेजारी बसवली हुती."

५

पिकअप गोठ्याच्या बाजूला उभा होता. द्राक्षाचा तोडा जवळ आला म्हणून तो चकाचक धुऊन ठेवलेला होता. विजयमालाबाईंनी मागची फळी उघडायला लावली आणि त्या स्वतः चढल्या. आबासाहेब खुर्ची सोडून तिथे आले. राजवर्धन आला, आणि बागेतून रणजितही येऊन एका कडेला उभा राहिला.

हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात स्टेपनी ठेवलेली होती. राजवर्धननं ती सरकवली. खाली पत्र्याचा रंग उडाला होता आणि पत्र्याच्या पन्हळीत पांढरी पूड चिकटून बसली होती. चुन्यासारखी दिसत होती. विजयमालाबाईंनी मनिषाला स्वयंपाकघरातून लिंबू कापून आणायला सांगितलं. पुडीवर लिंबू पिळलं तसा बारीक फेस उठला आणि सगळ्यांनी तो पाहिला.

"संजीवनीबाई, तुमचा भज्याचा सोडा इथे आहे," त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी शांतपणे सांगितलं. गाडीला चिखल लागला तर माणूस पाण्यानं धुतो. तेलकट असेल तर साबणाची पावडर लावतो. खायचा सोडा गाडीत एकाच गोष्टीवर टाकतात, आणि ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला ती ठाऊक असते. ती म्हणजे बॅटरीतलं अ‍ॅसिड. लग्नाच्या आदल्या दिवशी या गाडीतून बॅटरी आली होती, हे आबासाहेबांनीच सकाळी अभिमानानं सांगितलं. ती इथे कलंडली. दुसऱ्या दिवशी त्या ओलीवर सतरंजी पडली आणि सतरंजीवर बायका बसल्या. कापडात खोट नव्हती, दुकानदारात नव्हती, मनिषाच्या धुण्यातही नव्हती.

"झालं ते चुकून झालं," विजयमालाबाई म्हणाल्या. "पण सोडा चुकून पडत नाही. लग्नाच्या आधी टाकला असता तर साड्या वाचल्या असत्या. म्हणजे साड्यांची भोकं बघितल्यावर कुणाला तरी उमगलं, आणि त्यानं गुपचूप पुडा आणून हौदा घासला. ज्यानं बॅटरी आणली त्यालाच हे उमगणार."

आबासाहेबांनी आधी राजवर्धनकडे पाहिलं, कारण चूक शोधायला रणजितकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. मग हळूहळू त्यांची मान वळली.

रणजितनं फार वेळ घेतला नाही. बॅटरी कलंडलेली त्याच दिवशी दिसली होती, तो म्हणाला. वरून पाणी मारलं आणि ते निघून गेलं असं वाटलं. सकाळी तो नवरदेवाच्या गाडीत होता, बायका पिकअपमध्ये बसल्या हे त्याला कार्यालयात कळलं. साड्या मशीनमधून निघाल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आबा चार लोकांत ती फवारणीची गोष्ट सांगत होते, तेव्हा बोलायचा धीर झाला नाही. भावकी आधीच हसत होती.

"वाटलं, दुकानदार साड्या बदलून दील आन् मिटंल," तो म्हणाला. "तो बदलून देईना. आन् दिवस जात राह्यलं."

"हौदा का धुतला मग?" राजवर्धननं विचारलं.

"त्यात क्रेट ठेवायचं हुतं."

मनिषा कापलेलं लिंबू हातात धरून उभी होती. त्या घरात आल्यापासून ती दिरापुढे कधी मोठ्यानं बोलली नव्हती. आता बोलली.

"द्राक्षाला डाग पडू नये म्हणून सोडा टाकला व्हय, भावजी? आमच्या दोघींचं काय?"

आबासाहेबांनी खिशातून फोन काढला, रविराजशेठचा नंबर लावून मागितला आणि सगळ्यांदेखत त्यांची माफी मागितली. आपल्या मुलाची चूक आहे हे त्यांनी फोनवर दोनदा सांगितलं, बहुतेक स्वतःला ऐकू जावं म्हणून. संजीवनीबाई मनिषाजवळ गेल्या आणि त्यांनी तिच्या हातातलं लिंबू काढून घेतलं. मग विजयमालाबाईंकडे वळल्या.

"आजच जाऊन पोरीला घेऊन येऊ द्या त्याला. पण तुमी संगं जावा, बाई. नुसता ह्यो गेला तर चांदगुडं दारात उभं करायचं न्हाईत."

६

सुप्याला पोचले तेव्हा उन्हं कलली होती. घरासमोर वाळत घातलेली ज्वारी श्रेयाचे वडील संभाजीराव गोळा करत होते. जावयाला बघून त्यांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. 'या' म्हटलं, पाणी दिलं, पण हसले नाहीत.

रणजितनं सांगितलं. गाडीत विजयमालाबाईंनी त्याला एवढंच बजावलं होतं की कारणं कमी सांगायची. त्यानं ते पाळलं. बॅटरी, पाणी, सोडा, गप्प बसणं, सगळं एका दमात सांगून टाकलं. श्रेया दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. अंगानं बारीक, चेहऱ्यावर राग नाही की आनंद नाही. संभाजीरावांचा चेहरा मात्र सैल पडला. पोरगी सासरी जाणार, ह्या एका गोष्टीपुढे त्यांना बाकी सगळं माफ होतं. झालं गेलं, माणूस चुकतंच, असं ते म्हणू लागले आणि आईनं चहाचं आधण ठेवलं.

विजयमालाबाईंनाही वाटलं की काम झालं. रहस्य उलगडलं, नवरा दारात आला, आता पिशवी भरायची तेवढी राहिली.

"आत्याबाईंनी मला धाडलं, तवा त्यास्नी ह्यातलं ठाऊक न्हवतं," श्रेया म्हणाली. "त्यांच्यावर माझा राग न्हाय. तुमाला ठाऊक हुतं."

"व्हय," रणजित म्हणाला.

"आन् आज तुमी बोललात ते मॅडमनी धरलं म्हणून. हितनं म्होरं प्रत्येक वेळी मॅडम कुठनं आणायच्या?"

संभाजीराव मध्ये पडायला गेले. तिनं वडिलांकडे नुसतं पाहिलं, आणि ते थांबले.

"मॅडमनी धरलं न्हाय असं काय हाय का?" तिनं विचारलं.

हा प्रश्न विजयमालाबाईंनी विचारला नव्हता. उत्तर सापडलं की तपास संपतो, असं त्या समजून चालल्या होत्या. रणजितला नाही म्हणणं सोपं होतं. तिथे बसलेल्या कुणालाच, निदान विजयमालाबाईंना तरी, ते खोटं ठरवता आलं नसतं.

"ऋषीचा फोन आलता," तो शेवटी म्हणाला. "साड्यांचा बोभाटा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणला, दाजी, बायका कार्यालयात उतरताना खाजवत हुत्या, पिकअपमधी काय सांडलं-बिंडलं हुतं का? म्या न्हाय म्हणालो. वर म्हणालो, आमच्या घरावर घालायला बघतोस काय, बहीण हितं नांदायचीय हे ध्यानात ठेव." त्याचा आवाज बारीक झाला. "आन् वहिनीनं मशीनीत काय टाकलं असंल, हे आईला पहिल्यांदा मीच बोललो."

चुलीवरचा चहा उतू गेला. आईनं भांडं उतरवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत ऋषिराजनं मोडून परत घातलेली ती घडी विजयमालाबाईंना आठवली. सगळा ठपका त्याच्यावर आला तरी त्या मुलानं तोंड उघडलं नव्हतं आणि आपण ते शरमेवर घालून मोकळ्या झालो होतो. त्यांना स्वतःचा मनापासून राग आला.

"फोनचं मला माहीत हुतं," श्रेया म्हणाली. "दादानं त्याच दिवशी सांगितलं. म्हणला, तू कुणाला बोलू नको, तुझं घर मोडंल. मी एवढंच बघत हुते की तुमी सांगताय का."

रणजितनं वर पाहिलं.

"मनिषाताईंचं मात्र ठाऊक न्हवतं."

मग ती आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला, कपडे काढल्याचा आला. संभाजीरावांनी सुटकेचा श्वास टाकला. थोड्या वेळानं ती पिशवी घेऊन बाहेर आली, आईच्या पाया पडली, वडिलांच्या पडली, आणि विजयमालाबाईंच्याही पडायला वाकली, तेव्हा त्यांनी तिला मध्येच धरून उभी केली. त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले होते, आणि रडारड न आवडणाऱ्या बाईंनी ते पुसलेही नाहीत.

श्रेया नवऱ्याकडे वळली.

"चला. पण घरी गेल्यावर मला घरात घ्यायच्या आधी भावकीतल्या सगळ्या बायका बोलवायच्या, आन् त्यांच्यासमोर तुमी मनिषाताईंच्या पाया पडायचं. तवर मी अंगणात उभी राहते."

रणजितनं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि व्हय म्हणाला.

ती अंगणात फार वेळ उभी राहिली नाही, असं मनिषानं दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. या वेळी तिचा आवाज दबका नव्हता.